जळगाव साईडला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते का? आणि ओळखीचं कोणी भेटलं तर?

केळीवाला_भो:
राम राम मंडळी. वय ३९, चोपडा तालुका, चार एकर केळी. आधी फक्त हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की घ्यायचो, मग बाजाराच्या दिवशी, आता तीनेक वर्षं झाली रोजचं झालंय. सकाळी हात इतका थरथरतो की कपबशी वाजते, म्हणून चहा स्टीलच्या ग्लासात घेतो, तोही अर्धाच. बायको मागच्या महिन्यात पोरं घेऊन पारोळ्याला माहेरी गेली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून दोनदा शप्पथ खाल्ली, गळ्यात माळ घालून पाहिली, पोळ्यापर्यंत टिकली. ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग असते असं ऐकलंय, तिथे करतात काय, पैसे किती, आधार कार्ड लागतं का? आणि खरं सांगू का, ओळखीचं कोणी भेटलं तर काय करायचं? आमच्याकडे वरच्या गल्लीत शिंकलं तर खालच्या गल्लीत विचारतात सर्दी झाली का म्हणून.

शून्य_क्वार्टर:
वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. सात वर्षं झाली मला सोडून. गावाला कळेल म्हणतोस, अरे भो, गावाला सगळं माहीत आहे, तू मोटारसायकल कोणत्या चारीत घातली ते पण.
मीटिंग म्हणजे काही मोठं नसतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, भिंतीवर दारू सोडायच्या बारा पायऱ्यांचा फलक. एकेक जण नुसतं नाव सांगतो, आडनाव नाही, मी दारुडा आहे म्हणतो आणि आपली कथा सांगतो, मधे कोणी तोंड घालत नाही, उपदेश तर अजिबात नाही. तुला नसेल बोलायचं तर बसून राहा, मी पहिल्या चार वेळा तेच केलं. फी नाही, रजिस्टर नाही, आधार नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. शेवटी पिशवी फिरते, दहा-वीस टाकले तर टाकले नाही तर पुढे सरकव, बाहेरच्याकडून देणगी घेतच नाहीत. १९३५ ला अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि तिथून हे सुरू झालं, आजही एवढंच आहे. पायऱ्यांमध्ये देवाचं नाव येतं, पण तो ज्याचा त्याने ठरवायचा.
ए.ए.च्या वेबसाईटवर मीटिंगची यादी मिळेल, नाही तर १४४४६ हा सरकारी फुकट नंबर आहे, व्यसनासाठीच. पण निघायच्या आधी फोन करून घे, वेळ-जागा बदलते. मी पहिल्यांदा गेलो तर कुलूप होतं, पाऊण तास उभा, आणि बरोबर समोर वाईन शॉप.

सिस्टर_धुळे:
भाऊ, मीटिंगचं नंतर, आधी हाताची थरथर. रोज पिणाऱ्याने एका दिवसात झटक्यात बंद करू नये. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांनी काही जणांना नाही ते दिसायला लागतं, भिंतीवर किडे, दारात माणसं, घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलं आणि भगताकडे नेतात. जीव जातो यात. सिव्हिलला किंवा मानसोपचारवाल्या डॉक्टरला खरं किती पिता ते सांगा, अर्धं करून सांगू नका, सगळे अर्धंच सांगतात. गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देऊन नीट उतरवतात.

मेहरूण_तलाव:
मीटिंगा-बिटिंगा टाईमपास आहे, सरळ पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हा.

शून्य_क्वार्टर:
मुक्तांगण चांगलंच आहे, १९८६ पासून चालू आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी काढलेलं. पण तिथून परत तर याच गावात यायचं ना? आल्यावर संध्याकाळी सात वाजता कुठे बसणार, ते सांगा.

तिखट_शेवभाजी:
दादा, मी तुमच्या बायकोच्या जागची आहे म्हणून लिहिते. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते ना, न सांगता दारू सोडवा, तसली गोळी मी यांच्या भाजीत मिसळायचे. वर हे प्यायले आणि उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, रात्री दवाखान्यात पळवलं, आणि डॉक्टरसमोर मला तोंड उघडवेना. ती गोळी डॉक्टर देतातच, पण माणसाला सांगून. वहिनींना म्हणावं घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची अशीच मीटिंग असते, आमचे हे सोडायच्या आधीपासून मी जाते. पहिल्या दिवशी नुसती रडले, कोणी विचारलं पण नाही का म्हणून.

केळीवाला_भो:
उशिरा लिहितोय, माफी. सिस्टरताईंचं ऐकलं, आठ दिवस ॲडमिट होतो, डॉक्टरला आकडा खरा सांगितला तर त्याने पेन खाली ठेवला. काल जळगावला जाऊन आलो. जिना चढून वर गेलो, चपलांचा ढीग पाहून परत खाली आलो, टपरीवर चहा घेतला, परत वर. शेवटच्या खुर्चीवर बसलो. आणि निघाला ना भो एक ओळखीचा, ज्याला मी अख्खं आयुष्य टाळलं असतं असा. कोण ते सांगणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाला, पुढे ये, इथे पंखा लागतो.
परत येताना त्याच्याच गाडीवर आलो, चोपड्यापर्यंत केळीच्या भावावरच बोललो.