महिन्यातले पंधरा दिवस लॉजवर, जिम नाही. ताकद कशी टिकवायची? मदत हवी आहे

दौऱ्यावरचा_पाहुणा

लोकहो, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडचण आली म्हणून लिहितोय. वय ३८, वजन ७४ किलो, राहायला पुण्यात. लॅबमधल्या मशिनी बसवणं आणि दुरुस्त करणं हे काम, त्यामुळे महिन्यातले चौदा-पंधरा दिवस नांदेड, हिंगोली, परभणी, कधी अकोला-वाशिम असा दौरा. तीन वर्षांपासून जिम नीट सुरू आहे, म्हणजे पुण्यात असलो की. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) १०० किलोचे पाच रेप्स, म्हणजे सलग पाच वेळा, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १३० किलोचे पाच, बेंच (उताणं झोपून बार वर ढकलणं) ७० वर अडकलाय पण त्याचं एवढं काही नाही.

प्रॉब्लेम असा की प्रत्येक दौऱ्यानंतर परत जिमला गेलो की डेडलिफ्टचे ११५ सुद्धा जमिनीला चिकटल्यासारखं वाटतं, मग आठवडाभर ते परत वर आणायचं आणि जरा कुठे १३० ला पोचतोय तोवर पुढच्या दौऱ्याचं तिकीट हातात. वर्षभर हेच. एक पाऊल पुढे, एक मागे.

करून पाहिलेले प्रकार सांगतो म्हणजे तेच परत कुणी सुचवणार नाही.

मोबाईलवरचं वीस मिनिटांचं उड्यावालं वर्कआऊट केलं, तिसऱ्या दिवशी खालच्या खोलीतल्या पाहुण्यांनी तक्रार केली आणि मॅनेजर वर येऊन दारात उभा, "साहेब, काही तुटतंय का?" पुशअप्स मारतो, सलग चाळीस जातात, पण त्याने ताकद वाढते असं वाटत नाही, नुसता दम वाढतो. बागेतली ओपन जिम पाहिली, तिथल्या मशिनींना वजन वाढवायची सोयच नाही, आजोबा लोकांसाठी छान आहे. शेवटी दाराच्या चौकटीत स्क्रू फिरवून बसवायचा पुलअप बार घेतला. तो एका लॉजवर माझ्यासकट खाली आला, चौकटीजवळचं प्लास्टरही आलं, ५०० रुपये भरले आणि कंबर दोन दिवस धरली होती. तो बार आता माळ्यावर आहे.

खोली म्हणाल तर पलंग तीन भिंतींना टेकलेला, पलंग आणि बेसिनच्या मधे एक सतरंजी मावेल एवढीच जागा.

प्रश्न दोन. १) दोन आठवड्यांत खरंच एवढी ताकद जाते का, का माझ्या डोक्यात आहे? २) पाय आणि पाठ यांचं काय करायचं? छातीचं पुशअप्सवर भागतं, पण ओढण्याचा व्यायाम बारशिवाय कसा करायचा तेच सुचत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

टवाळ_बोका

खोलीतला टीव्ही उचला. जुना डबा असेल तर पंधरा-वीस किलो सहज भरेल :)

दौऱ्यावरचा_पाहुणा

तो भिंतीला स्क्रूने ठोकलाय. विचार करून झालाय.

लोखंड_आणि_लिंबूपाणी

आधी पहिला प्रश्न. दोन आठवड्यांत स्नायू एवढे झिजत नाहीत. तुमची जी १५ किलोची घसरण आहे ना त्यात मोठा वाटा सवय मोडण्याचा, एसटीतल्या बसण्याचा, झोपेचा आणि खाण्याचा असणार. म्हणूनच आठवडाभरात परत येते, खरंच गेली असती तर एवढ्या लवकर आली नसती.

टिकवायला फार थोडं लागतं. २०११ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांनी सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा पायांचा वेट ट्रेनिंग केला आणि मग बत्तीस आठवडे व्यायामाचं प्रमाण अगदी नवव्या हिश्शावर आणलं. तरुण मंडळींचे स्नायू तेवढ्यावरही टिकले, साठीपुढच्यांचे कमी झाले, ताकद मात्र त्यांचीही बरीचशी टिकली. गंमत अशी की त्यांनी सेट (रेप्सच्या फेऱ्या) कमी केले, वजन नाही. तुम्ही दौऱ्यावर उलटं करताय, वजन शून्य आणि रेप्स चाळीस.

म्हणून एका पायावर या. मागचा पाय पलंगावर ठेवून पुढच्या पायावर बैठक, पाठीवर तुमची टूलबॅग, खाली जायला तीन सेकंद, खाली एक सेकंद थांबा. आठ-दहा रेप्समध्ये पाय थरथरले पाहिजेत, नाही थरथरले तर बॅगेत अजून पाना-पक्कड भरा. पुशअप्सचंही तसंच, साध्या पुशअपमध्ये हातांवर वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो, पाय दोन फूट उंच ठेवले की ७४ टक्क्यांच्या आसपास जातो. वरून बॅग. चाळीसाचे बारा होतील बघा.

आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, पुरे. आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी १३० ला हात घालू नका, ११० चे तीन सेट करा, दुसऱ्या वेळी १२०. चौथ्या दिवसापर्यंत पूर्ववत व्हाल.

खाणं काय असतं? हे तुम्ही लिहिलंच नाहीये म्हणून शंका येते.

दौऱ्यावरचा_पाहुणा

सकाळी पोहे, दुपारी राइसप्लेट, रात्री जे उघडं असेल ते. पकडलंत.

लोखंड_आणि_लिंबूपाणी

तरीच. किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर तुम्हाला दिवसाला ११८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं, तुमचं पन्नास तरी होतंय का शंकाच आहे. रात्री अंडाभुर्जीची गाडी गाठा, चार अंड्यांची म्हणजे २४ ग्रॅम. बॅगेत फुटाणे ठेवा, शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम मिळतं. अर्धा लिटर दूध. अगदी मोजून ११८ नाही झालं तरी चालेल पण पोह्यांवर डेडलिफ्ट होत नाही.

फिरती_ऑडिटर

मीही महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर असते, त्यामुळे वाटेचं दुःख कळलं. पहाटे अनोळखी गावात एकटीने ग्राउंडवर जाणं मला जमत नाही म्हणून सगळं खोलीतच करते.

पाठीसाठी: खिडकीला लोखंडी गज असतात ना, ते भिंतीत पक्के आहेत का आधी हलवून बघा. मग पंचा पिळून गजामागून घ्यायचा, दोन्ही टोकं हातात, पाय भिंतीजवळ, अंग मागे झुकवून स्वतःला ओढायचं. पाय जितके पुढे तितकं जड. मी आधी बाथरूमच्या दारावर करायचे, टॉवेलच्या टोकाला गाठ मारून ती दाराच्या वरून आत सोडायची आणि दार लावून घ्यायचं. बाथरूमचं दार आत उघडतं, त्यामुळे खोलीच्या बाजूने ओढलं की ते चौकटीवर अजून दाबलंच जातं. पण दार फायबरचं असेल तर हे विसरा, तुमचा ५०० चा अनुभव आहेच.

दुसरं म्हणजे पाण्याचा जार. लॉजवर तो वर कडी असलेला थंड पाण्याचा जार मागवा, नुसतं पाणीच १८-२० किलो. एक हात पलंगावर, दुसऱ्या हाताने जार कमरेपर्यंत ओढायचा. छातीशी कवटाळून बैठकाही होतात, फक्त झाकण घट्ट आहे ना बघा. मी एकदा नाही बघितलं, गादी वाळवायला दुसरा दिवस गेला.

रबरी बँड दोन तरी घ्या, बॅगेत कळतही नाहीत.

सांगलीकर_काका

पोरांनो, एवढा खटाटोप कशाला. आमच्या वेळी जिम कुठे होती, जोर आणि बैठका. हजार बैठका मारणारे पैलवान होते आमच्या तालमीत. पाहुण्यांनी सपाटे (जोर आणि बैठक एकत्र) मारावेत, त्यात छाती, खांदे, पाठ, पाय सगळं येतं आणि आवाज होत नाही, खालच्या मजल्याचा प्रश्न मिटला.

आणि बऱ्याच गावांत तालीम नाहीतर व्यायामशाळा असते. चहावाल्याला विचारायचं. चपला बाहेर काढायच्या, वस्तादांना भेटायचं, दौऱ्यावर आलोय दोन दिवस व्यायाम करू का म्हणायचं. कोणी नाही म्हणणार नाही, उलट दूध पाजतील. हौद्यात मात्र विचारल्याशिवाय पाय टाकू नका, ती माती ताक, हळद, लिंबू घालून मळलेली असते. मुद्गल मिळाला तर फिरवा. अमरावतीला जाणं झालं तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बघून या, १९१४ पासूनची संस्था आहे.

लोखंड_आणि_लिंबूपाणी

काका, सपाट्यांना पूर्ण अनुमोदन, पण सवय नसताना पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका कुणी मारू नयेत. स्नायू एवढे मोडतात की लघवी कोकसारखी काळपट होते, किडनीवर येतं, सरळ दवाखाना गाठावा लागतो. पन्नासपासून सुरुवात.

सांगलीकर_काका

बरोबर आहे. आम्हीही पोरांना पहिल्या दिवशी पंचवीसच देत होतो.

दौऱ्यावरचा_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण मधे एक दौरा झाला, सोळा दिवसांचा, नांदेड-हिंगोली.

आठवड्यातून दोनदा केलं. पलंगावर पाय ठेवून बैठक, बॅगेत मल्टीमीटर, पाने, दोन लिटरच्या चार बाटल्या, मिळून चौदा किलो. पहिल्या दिवशी नववा रेप गेलाच नाही, बेसिन धरून उठलो. चाळीस पुशअप्सवाल्याचा गर्व तिथेच उतरला. पंचा गजाला लावून ओढणं झकास जमलं. जारही मागवला, तो रोज भरलेलाच परत जातो म्हणून पोऱ्याने विचारलं साहेब पाण्याला वास येतो का.

हिंगोलीत पहाटे मैदानावर गेलो तर पोलीस भरतीची पोरं आधीच हजर, १६०० मीटरच्या फेऱ्या चालू. सिंगल बार मोकळा मिळाला, पाच पुलअप्स निघाले. मग त्यांनी गोळा फेकायला दिला, ७.२६० किलोचा, माझा जिथे पडला तिथे बघून एकजण म्हणाला काका, पाऊल पुढे नका टाकू. काका! असो.

पुण्यात आल्यावर सांगितल्याप्रमाणे ११०, मग १२०, आणि पाचव्या दिवशी १३० चे चार. पाचवा अडला, पण आधी याच्यासाठी आठवडा-दहा दिवस जायचे. मांडीच्या मागच्या बाजूचं मात्र अजून काही सापडलेलं नाही, पलंगाखाली पाय अडकवून गुडघ्यावरून पुढे झुकून पाहिलं तर पलंगच उचलला गेला.

सोमवारी अकोला-वाशिम. वाशिममध्ये सिंगल बार असलेलं ग्राउंड बसस्टँडपासून चालत जाण्यासारखं कुणाला माहीत आहे का?