मदत हवी आहे: हॉटेलातल्या गोंगाटात ऐकू येत नाही, काय करता?

मंडळी, वय ५६, दोन्ही कानांना मशीन आहे, घरी टीव्ही, फोन सगळं नीट चालतं, पण हॉटेलात गेलं की माझा पार दगड होतो. मागच्या रविवारी भाचीच्या वाढदिवसाला कोथरूडमध्ये थाळी खायला गेलो होतो, दहा जणांचं टेबल, वर स्पीकर, शेजारी पोरांचा दंगा, भांड्यांचा खणखणाट आणि मशीन सगळंच मोठं करतंय. वेटरने काहीतरी विचारलं, मी आपलं हसून "हो हो" म्हटलं तर ताटात तिसऱ्यांदा श्रीखंड पडलं 😅 ते ठीक, पण वहिनी काहीतरी सिरीयस सांगत होती तिथेही मी हसलो, ते फार लागलं मनाला.

ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या की वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, म्हणून स, श, फ, ट असली अक्षरं गोंगाटात बुडतात. मशीनमध्ये रेस्टॉरंट मोड टाकून दिलाय, भिंतीकडे पाठ करून बसतो, म्हणजे मागून गोंगाट कमी येतो, थोडा फरक पडतो. लाइव्ह ट्रान्स्क्राइब (बोललेलं फोनवर लिहून दाखवणारं ॲप) मराठीत लावून बघितलं, समोर एकच जण असेल तर बरं, चौघं एकदम बोलले की खिचडी.

बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा, त्याचा आवाज थेट मशीनमध्ये पाठवणारा तो छोटा रिमोट माइक कोणी वापरलाय का? दहा जणांत उपयोग होतो का, की तो हातोहात फिरवत बसायचं? आणि पुण्यात डेक्कन-कोथरूड बाजूला गाणी न लावणारं, मधे जरा जागा असलेलं हॉटेल सुचवा. दुपारी तीनला जा म्हणू नका, आमच्या घरात तेव्हा सगळे झोपतात.