डाउनलोड केलेली पीडीएफ ब्राउझरऐवजी थेट ॲक्रोबॅट रीडरमध्ये कशी उघडावी?

प्रश्न (सेवा केंद्र चालक, सोलापूर)

नमस्कार. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरात आमचे ऑनलाइन दाखल्यांचे केंद्र आहे. उत्तर सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट या तालुक्यांतील शेतकरी पीककर्जासाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढायला येतात. उतारा डाउनलोड झाला की तो फायरफॉक्सच्याच टॅबमध्ये उघडतो. तेथे स्वाक्षरीची चौकट दिसते, मात्र ती वैध आहे की नाही हे कळत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जाऊन, फाइलवर राइट क्लिक करून ॲक्रोबॅट रीडर निवडावा लागतो आणि गर्दीच्या वेळी रांग खोळंबते. फायरफॉक्समध्ये 'सिस्टमचे डीफॉल्ट ॲप्लिकेशन वापरा' हा पर्याय निवडून पाहिला, तर तीच फाइल आता एज या विंडोजसोबत येणाऱ्या ब्राउझरमध्ये उघडू लागली. एका संगणकावर क्रोम आहे. तिन्ही संगणकांवर विंडोज आहे. कायमची व्यवस्था कशी लावावी, याचे मार्गदर्शन करावे.

उत्तर (संगणक दुरुस्ती, नवी पेठ)

आपण निवडलेला पर्याय योग्यच होता, पण त्याने अर्धेच काम होते. फाइल स्वतः उघडायची की बाहेर सोपवायची, हे ब्राउझर ठरवतो. बाहेर सोपवलेली फाइल कोणत्या प्रोग्रामकडे जायची, हे विंडोज ठरवते. फायरफॉक्सने पीडीएफ आज्ञाधारकपणे विंडोजकडे दिली आणि विंडोजच्या दप्तरी पीडीएफपुढे मुळापासून एजचेच नाव असल्यामुळे ती एका ब्राउझरमधून निघून दुसऱ्या ब्राउझरमध्ये जाऊन बसली.

म्हणून आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'डीफॉल्ट ॲप्स' उघडावे, तेथे .pdf हा फाइलप्रकार शोधून त्यासमोर ॲक्रोबॅट रीडर निवडावा. त्यानंतर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधील 'जनरल' या पानावर खाली 'ॲप्लिकेशन्स'ची यादी आहे. तीत पीडीएफच्या ओळीसमोर सिस्टमचे डीफॉल्ट निवडले तरी चालेल, किंवा 'यूज अदर' घेऊन ॲक्रोबॅट रीडरच थेट दाखवून द्यावा. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण एखाद्या अपडेटनंतर किंवा कोणी चुकून 'होय' दाबल्यामुळे विंडोजचे डीफॉल्ट बदलले, तरी फायरफॉक्सची निवड कायम राहते.

क्रोममध्ये प्रोग्राम निवडण्याची अशी यादीच नाही. तेथे साइट सेटिंग्जमधील 'पीडीएफ डॉक्युमेंट्स' या भागात 'डाउनलोड पीडीएफ' निवडावे, म्हणजे फाइल टॅबमध्ये न उघडता उतरेल. मग डाउनलोड झालेल्या फाइलच्या मेनूमधून ती नेहमी सिस्टमच्या प्रोग्राममध्ये उघडण्याचा पर्याय द्यावा. पुढे कधी ही व्यवस्था मोडायची झाल्यास सेटिंग्जच्या 'डाउनलोड्स' भागात आपोआप उघडणारे फाइलप्रकार पुसण्याची सोय आहे.

उत्तर (महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळा सहायक)

वरील उत्तर बरोबर आहे. मात्र आपले केंद्र सार्वजनिक असल्यामुळे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. पूर्वी फायरफॉक्समध्ये 'उघडा' म्हटलेली फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये जात असे. 2022 साली आलेल्या 98 व्या आवृत्तीपासून ती डाउनलोड्सच्या फोल्डरमध्येच साठते. फाइल रीडरमध्ये आपोआप उघडू लागली की तिची प्रत मागे राहिली आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दिवसभराचे सातबारे, उत्पन्नाचे दाखले, आधारच्या प्रती असे लोकांचे कागद एका फोल्डरमध्ये साचत जाणे मला तरी धोक्याचे वाटते. जुनी पद्धत हवी असल्यास about:config मध्ये (पत्त्याच्या पट्टीत हे टाइप केले की फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंग्ज उघडतात) browser.download.start_downloads_in_tmp_dir ही नोंद true करता येते. पण संध्याकाळी दुकान बंद करताना फोल्डर रिकामा करण्याची शिस्त त्याहून खात्रीची.

आपोआप उघडण्याची मुभा पीडीएफपुरतीच ठेवावी, असेही सुचवतो. झिप आणि मॅक्रो (फाइलमध्ये दडलेल्या, आपोआप चालू शकणाऱ्या आज्ञा) असलेल्या वर्ड-एक्सेल फाइल्सना ती देऊ नये. ग्राहकांच्या ईमेलमधून काय येईल, याचा भरवसा नसतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. डीफॉल्ट बदलल्यावर तिन्ही संगणकांवर उतारे थेट रीडरमध्ये उघडत आहेत. दोन शंका उरल्या आहेत. एका संकेतस्थळावरून येणारी पीडीएफ फायरफॉक्समध्ये अजूनही नुसती साठवली जाते, आपोआप उघडत नाही. शिवाय एका संगणकावर रीडरमध्येही स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह येते. उतारा पाहून ग्राहक तो खोटा आहे का, असे विचारतात.

उत्तर (संगणक दुरुस्ती, नवी पेठ)

पहिल्या शंकेचे कारण बहुधा त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये आहे. फाइल पाठवताना सर्व्हर तिचा प्रकारही कळवतो. पीडीएफसाठी application/pdf असे यायला हवे. काही सर्व्हर सरसकट application/octet-stream, म्हणजे 'कसली तरी फाइल', एवढेच सांगतात. अशा वेळी नावाच्या शेवटी .pdf असूनही यादीतली आपली निवड लागू होईलच असे नाही. तेवढ्या फाइल्ससाठी फायरफॉक्सच्या त्याच भागात, यादीखाली, इतर फाइल्सचे काय करायचे ते विचारण्याचा पर्याय सुरू ठेवावा.

दुसऱ्या शंकेचा ब्राउझरशी संबंध नाही. पिवळ्या प्रश्नचिन्हाचा अर्थ स्वाक्षरी खोटी असा होत नाही; स्वाक्षरीमागच्या मूळ प्रमाणपत्रावर त्या संगणकावरील रीडरचा अद्याप विश्वास नाही, एवढाच होतो. चिन्हावर राइट क्लिक करून स्वाक्षरीचे गुणधर्म आणि त्यातून स्वाक्षरीकर्त्याचे प्रमाणपत्र उघडावे. प्रमाणपत्रांच्या साखळीत सर्वांत वर 'सीसीए इंडिया' (डिजिटल प्रमाणपत्रांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची यंत्रणा) आणि पुढे वर्ष असे नाव दिसेल. ते निवडून 'ट्रस्ट' टॅबमधून विश्वसनीय प्रमाणपत्रांत घालावे व स्वाक्षरी पुन्हा तपासावी. हिरवी खूण येईल. साखळीच्या टोकाला हे नाव नसेल, तर मात्र काहीही 'ट्रस्ट' करू नये. ग्राहकाचे समाधान तेवढ्यानेही होत नसेल, तर उताऱ्यावरचा 16 अंकी पडताळणी क्रमांक महाभूमी या राज्याच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर टाकून त्याच्यासमोरच उतारा तपासून दाखवावा.