मराठी वाचनालयाची वेबसाइट: ब्राउझरमधलं नवं काय आत्ताच वापरावं, कशासाठी थांबावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकसूची वेबवर आणायचं काम हाती घेतलंय. सूची, शोध, परतीची तारीख जवळ आली की सभासदाला आठवण, आणि ग्रंथपाल बाईंना फोनवरूनच देवघेव नोंदवता यावी, एवढ्या गरजा आहेत. वाचनालयात नेट असतं आणि नसतंही. बहुतेक सभासदांकडे जुने अँड्रॉइड फोन आहेत, काहींकडे आयफोन.

सोबतचा मित्र म्हणतो, मोठं फ्रेमवर्क घेऊ आणि अ‍ॅपच काढू. मला ते पटत नाही. उद्या मी गावात नसलो तरी हे चालू राहायला हवं. ब्राउझरमध्येच बरंच काही आलंय असं वाचतो, पण कुठलं सगळीकडे चालतं आणि कुठलं फक्त क्रोममध्ये, याचा उलगडा होत नाही. जाणकारांनी सांगावं.

वाटसरू

अ‍ॅप नको हे अगदी बरोबर. दरवर्षी स्टोअरच्या नव्या अटी आणि नवे बिल्ड हे सगळं सांभाळणार कोण?

आता मूळ प्रश्न. एमडीएन या वेबतंत्राच्या संदर्भस्थळावर कुठल्याही सुविधेचं पान उघडलंत की वरच 'बेसलाइन'ची पट्टी दिसते. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा वेबडीएक्स गट ही यादी सांभाळतो. एखादी गोष्ट क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चौघांत आली की ती 'नव्याने उपलब्ध'. त्यानंतर ३० महिने गेले की 'सर्वत्र उपलब्ध'. ही दुसरी पायरी गाठलेलं तुम्ही बिनधास्त घ्या.

पानावर छोटी खिडकी उघडणाऱ्या डायलॉग टॅगचंच बघा. क्रोममध्ये तो २०१४ पासून होता, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये आला. मधली आठ वर्षं लोक प्रत्येक पॉपअपसाठी वेगळी लायब्ररी ओढत बसले. आज 'पुस्तक राखून ठेवायचं का?' ही खिडकी एका टॅगने होते. एस्केपने बंद होणं, फोकस आत राहणं, मागचं पान निष्क्रिय होणं हे सगळं ब्राउझर बघतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सभासदांसाठी याचं मोल फार आहे, आणि हातानं लिहिलेल्या पॉपअपमध्ये नेमकं तेच राहून जातं.

पण बेसलाइन हे कॅलेंडर आहे, सभासदाच्या हातातला फोन नव्हे. क्रोम १३९ ला किमान अँड्रॉइड १० लागतं, त्यामुळे अँड्रॉइड ८ आणि ९ वाले १३८ वरच थांबले. आयफोनचं त्याहून अवघड, कारण तिथे सफारी आयओएसबरोबरच पुढे सरकते, आणि आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्या आतही इंजिन सफारीचं वेबकिटच असतं. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही. कंटेनर क्वेरी, म्हणजे उपलब्ध जागेप्रमाणे मांडणी बदलणारे सीएसएसचे नियम, सफारी १६ पासून आहेत, म्हणजे त्या फोनवर त्या चालणार नाहीत. तरी वापरा! सीएसएसला जे कळत नाही ते ते मुकाट्यानं सोडून देतं. आधी साधी एकरकान्याची मांडणी लिहा आणि कंटेनर क्वेरी त्यावर चढवा. जुन्या फोनवर पुस्तकांची यादी एकाखाली एक दिसेल, बिघडणार काही नाही.

जावास्क्रिप्टला, म्हणजे पानावर चालणाऱ्या कोडला, ही सवलत नाही. तिथे न कळणारी एक ओळ आली की अख्खी फाइल कोलमडते. म्हणून सूची आणि शोध सर्व्हरवरूनच तयार एचटीएमएलमध्ये येऊ द्या.

निशिगंध

वाटसरू यांच्याशी सहमत. मी फक्त मराठीबद्दल लिहिते, कारण त्याकडे सहसा कुणी बघत नाही.

सगळ्यात आधी एचटीएमएल टॅगवर लँग 'एमआर' (भाषा मराठी) लिहा. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे काढतात. चांगल्या देवनागरी फाँटमध्ये दोन्ही आकार असतात, आणि पान मराठी आहे असं कळलं तरच ब्राउझर मराठी आकार उचलतो. चार अक्षरांचं काम आहे, तरी कितीतरी मराठी साइट्सवर हिंदी ल-श दिसतात.

शोधात तुमची खरी परीक्षा आहे. 'ताऱ्यांचे' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते वेगळे शब्द. सभासद शोधतो, पुस्तक कपाटात असतं आणि पडद्यावर 'सापडले नाही' येतं. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ एवढंच करतं की र आणि सुटा नुक्ता जोडून एक ऱ बनवतं. झेडडब्ल्यूजेला ते हात लावत नाही. म्हणून साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ-हलन्त करा, मग उरलेले झेडडब्ल्यूजे काढून टाका. आकड्यांचंही तसंच: कुणी देवनागरीत टाइप करेल, कुणी इंग्रजीत, दोन्ही एकाच रूपात आणा.

शीर्षकांचा क्रम लावायला साधं सॉर्ट वापरू नका. ते युनिकोडने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांवर चालतं, त्यामुळे ळ जाऊन बसतो ल आणि व यांच्या मध्ये. ब्राउझरच्या इंटल या भाषासुविधेतल्या कोलेटरला मराठी सांगून क्रम लावा, आणि तुमच्याच सूचीवर एकदा बाईंकडून तपासून घ्या. इंटल नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' दिलंत की १२,३४,५६७ असे देवनागरी आकडे आणि लाखांचे स्वल्पविराम आपोआप येतात. तारखांचंही तेच. यासाठी वेगळी लायब्ररी घेऊच नका.

लांब शीर्षक 'पहिली ३० अक्षरं' असं मोजून कापू नका. जोडाक्षर मधूनच तुटतं आणि लटकता हलन्त दिसतो. कापायचं काम सीएसएसवर सोडा. मोजणं अगदी लागलंच तर अक्षरं नीट सुटी करणारं इंटल सेगमेंटर आहे, एप्रिल २०२४ पासून चारही ब्राउझरांत. मात्र 'क्ष' हा एक तुकडा धरायचा हा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्यामुळे जुन्या फोनवर मोजणी वेगळी निघू शकते.

कृष्णाकाठ

निशिगंधताई, ऱ चं कोडं तुम्ही सोडवलंत. 'सूचीत आहे पण सापडत नाही' ही बाईंची तक्रार जुनीच आहे, आत्ता कारण कळलं.

अजून दोन गोष्टी विचारतो. मित्राने कॅमेऱ्याने बारकोड वाचणारं बारकोड डिटेक्टर नावाचं काहीतरी दाखवलं, त्याच्या फोनवर झकास चाललं. ते घ्यावं का? आणि नेट नसताना देवघेव कशी नोंदवायची?

पानगळ

बारकोड डिटेक्टर मित्राच्या फोनवर चाललं कारण तो क्रोमवाला अँड्रॉइड असणार. फायरफॉक्समध्ये ते नाही, सफारीतही सुरू करून दिलेलं नाही. ते अजून डब्ल्यूआयसीजी या डब्ल्यूथ्रीसीच्या गटात आहे. तिथे कल्पना मांडून त्यांवर काम चालतं, ते पक्कं मानक झालेलं नसतं. अशा गोष्टीवर वाचनालयाची रोजची देवघेव उभी करू नका. कुठल्याही नव्या गोष्टीबद्दल मोझिला (फायरफॉक्सवाले) आणि वेबकिट (सफारीवाले) आपापलं मत जाहीर लिहून ठेवतात. तिथे विरोध दिसला, उदाहरणार्थ वेब ब्लूटूथला, तर ती सगळीकडे येईल या भरवशावर बसू नये.

नेट नसतानाचं सांगतो. नेटशिवाय पान उघडायला सर्व्हिस वर्कर, ब्राउझरमध्येच नोंदी ठेवायला इंडेक्सडीबी, दोन्ही भक्कम आहेत. बॅकग्राउंड सिंक, म्हणजे नेट आल्यावर मागच्या मागे नोंदी पाठवणं, मात्र क्रोमियम घराण्यापुरतंच (क्रोम, एज वगैरे) आहे, त्यावर विसंबू नका. नोंदी रांगेत ठेवा. पान उघडलं किंवा नेट परत आलं की रांग पाठवा. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा ओळखक्रमांक द्या, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी पुस्तक दोनदा दिलं गेल्याचं दिसणार नाही. आणि 'अजून ४ नोंदी पाठवायच्या आहेत' असं बाईंना पडद्यावर स्पष्ट दिसू द्या.

बाईंचा फोन आयफोन असेल तर साइट होम स्क्रीनवर टाकून घ्याच. नाहीतर सफारी वापराचे सात दिवस त्या साइटला हात लागला नाही तर तिने साठवलेलं पुसून टाकते. दिवाळीच्या सुट्टीत न पाठवलेल्या नोंदी गेल्या तर काय करणार?

परतीच्या आठवणीसाठी वेब पुश (साइटकडून फोनवर येणारी सूचना) खुल्या मानकावर आहे आणि चांगलं आहे. पण आयफोनवर ते आयओएस १६.४ पासून, तेही होम स्क्रीनवर टाकलेल्या साइटलाच. ज्येष्ठ सभासदांकडून ते होईल असं मला वाटत नाही. एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदणी आणि मजकुराची मंजुरी घ्यावी लागते, छोट्या वाचनालयाला तो व्याप आहे. मी ईमेल मुख्य ठेवेन, पुश ज्याला हवं त्याला.

कृष्णाकाठ

मग बारकोडचं काय करू? बाईंना आकडे टाइप करत बसवायचं नाहीये.

वाटसरू

टेबलावरच्या कामाला हातात धरायचा साधा स्कॅनर घ्या. तो जोडला की संगणकाला कीबोर्डच वाटतो, कोड वाचून आकडे टाइप करतो आणि एंटर दाबतो. म्हणजे तुम्हाला फक्त एक इनपुट आणि फॉर्म लागतो, जो कुठल्याही ब्राउझरात चालतो. फोनवर स्कॅन हवंच असेल तर बारकोड डिटेक्टर आहे का ते कोडमध्ये तपासा, असेल तर वापरा. नसेल तर वेबअसेंब्लीवर (ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या कोडवर) चालणारी, बारकोड वाचणारी झेडएक्सिंग ही मुक्त लायब्ररी तेवढ्या पानावरच उतरवा.

आणि पुस्तकांवर छापलेल्या आयएसबीएन क्रमांकावर सगळं बांधू नका. आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक १९७० चं, त्याआधीच्या पुस्तकांवर ते असायचा प्रश्नच नाही, नंतरच्याही अनेक मराठी पुस्तकांवर नसतं. शिवाय एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असल्या तर तिन्हींवर आयएसबीएन एकच. दाखल नोंदवहीतला दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीला वेगळा असतो, त्याचेच 'कोड १२८' या प्रकारच्या बारकोडचे स्टिकर छापा. सुरुवात संदर्भ विभागापासून नको, जास्त फिरणाऱ्या कथा-कादंबऱ्यांपासून करा.