मदत हवी आहे: मेंदूच्या तारा नेमक्या कुठे बाजू बदलतात, हे डोक्यात कसं पक्कं करायचं?

नमस्कार. मी बीएससी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. रोज बदलापूर ते परळ, त्यामुळे निम्मा अभ्यास गाडीतच होतो. हाडं, हृदय, किडनी जमलं. चेतासंस्थेशी येऊन अडलेय.

पाठांतराची अडचण नाही. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, मेरुरज्जूच्या ३१. मानेचे मणके ७ असून नसांच्या जोड्या ८, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते. मोठ्या माणसात मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणून पाठीतलं पाणी काढताना सुई त्याच्या खाली घालतात. एवढं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ‘ट्रॅक्ट’ (मेंदू आणि मेरुरज्जूतून वर-खाली जाणारे तारांचे जुडगे) आले की सगळं एकमेकांत गुंततं.

गेल्या आठवड्यात वॉर्डात अर्धांगाचा झटका आलेले एक आजोबा होते. उजवा हात उचलून उशीवर ठेवला की ठेवला तसाच पडून राहायचा. आजी तो हात हातात घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “डॉक्टर सांगतात गुठळी डाव्या बाजूला आहे. मग उजवा हात कसा गं गेला?” माझ्या तोंडात एकच शब्द आला, ‘डिकसेशन’, म्हणजे तारांनी बाजू ओलांडणं. तो त्यांना सांगून काय उपयोग? मी गप्प राहिले. ते फार लागलं मला. स्वतःला कळलं असतं तर मराठीत सांगता आलं असतं.

त्या रात्री गाडीत वहीवर एक चित्र काढलं. शरीराची उजवी बाजू म्हणजे स्टेशनची पूर्व, डावी म्हणजे पश्चिम. मेंदू सीएसएमटीला. दादर म्हणजे मस्तिष्कपुच्छ, मेंदूचा मेरुरज्जूला जोडलेला सगळ्यात खालचा भाग. हालचालीचा हुकूम सीएसएमटीहून पश्चिमेच्या बाजूने निघतो, दादरला पूल ओलांडून पूर्वेला येतो (सगळा नाही, साधारण ८५ ते ९० टक्के) आणि पूर्वेनेच बदलापूरपर्यंत उतरतो. कंप आणि सांध्याची जाणीव उलट दिशेने, पण पूल तोच: पूर्वेने वर चढते आणि दादरलाच पलीकडे जाते. वेदना आणि गरम-थंड मात्र दादरपर्यंत थांबत नाही, चढली त्याच स्टेशनवर पूल ओलांडून पश्चिमेने वर जाते.

यावरून आजोबांचं कळलं. इजा दादरच्या वर, म्हणून हात पलीकडचा गेला. मेरुरज्जूचा उजवा अर्धा भाग छातीच्या १०व्या पातळीवर कापला गेला, तर उजव्या पायाची ताकद आणि कंपाची जाणीव जाईल, वेदना मात्र डाव्या पायाची जाईल. हे बरोबर आहे ना? पुस्तकात वेदना जाण्याची पातळी इजेपेक्षा एक-दोन खंड (नसांच्या एकेका जोडीचा मेरुरज्जूचा तुकडा) खाली दाखवलीय, ती का?

दुसरं म्हणजे, डॉक्टरांनी आजोबांना भुवया वर करायला सांगितल्या तर कपाळावर दोन्हीकडे सारख्या आठ्या पडल्या. ओठाचा उजवा कोपरा मात्र लोंबत होता. एकाच नसेचं काम असून अर्धं कसं वाचलं?

सोपं पुस्तक सुचवू नका, पुस्तकं आहेत. तुम्ही स्वतः हे कसं पक्कं केलंत ते सांगा. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

प्रतिसाद (बारा वर्षं न्यूरो वॉर्डात नर्स):

अगं, चित्र बरोबर आहे, फक्त एक पूल सरकव. वेदनेचे तंतू आत शिरल्यावर एक-दोन खंड वर चढतात आणि मग ओलांडतात. म्हणजे बदलापूरला चढलेला माणूस अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत पूर्वेनेच जातो, तिथे पूल घेतो. म्हणून इजेच्या पातळीलगत पलीकडून येणारे तंतू इजेच्या वरच बाजू बदलतात आणि वाचतात. वेदना जाते ती त्याच्या खालची.

कपाळाचं असं, की चेहऱ्याच्या नसेचं केंद्र मेंदूच्या देठात असतं. त्यातल्या कपाळाच्या भागाला दोन्ही मेंदूंकडून हुकूम येतो, ओठाच्या भागाला मुख्यतः पलीकडून. डावीकडून तार तुटली तरी कपाळाला उजवीकडची राहते. खुद्द नसच सुजली, जसं बेल्स पाल्सीत होतं, तर कपाळासकट अर्धा चेहरा जातो. झटक्याचा पेशंट आला की आम्ही आधी कपाळ बघतो ते यासाठीच.

मी रोज कोऱ्या कागदावर तीन रंगांनी तीन रेघा काढायचे, पुस्तक न उघडता. मग कुठेही फुली मारायची आणि खाली काय काय गेलं ते बोलून दाखवायचं. आठवडाभर कर, दोन फुल्या दादरच्या वर आणि दोन खाली.

आणि उद्या त्या आजी भेटल्या तर एवढंच सांग: “आजी, डाव्या मेंदूची तार मानेच्या वर पलीकडे वळते आणि उजव्या हाताला जाते.”