मदत हवी आहे: पिट्युटरीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, दुसरे डॉक्टर थांबा म्हणतात

घोडबंदरकर: ताईच्या पिट्युटरीत (मेंदूखालच्या ग्रंथीत) ५ मिमीची गाठ निघाली आहे. एक डॉक्टर म्हणतात नाकातून ऑपरेशन करून काढू, पुढच्या गुरुवारची तारीखही दिली. दुसरे म्हणतात थायरॉईड रेझिस्टन्स (शरीर थायरॉईड हॉर्मोनला नीट दाद देत नाही) असू शकतो, घाई नको. गाठ समोर दिसतेय तर थांबायचं कशाला? ठाण्यात कुणाला अनुभव असेल तर लगेच सांगा.

मृण्मयी_नौपाडा: आकडे? वय? कुठल्या गोळ्या चालू आहेत?

सागर७८: माझा टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) ८ होता. सकाळी रिकाम्या पोटी थायरोनॉर्म ५० ही थायरॉईडची गोळी, त्यावर अर्धा तास चहा नाही. सहा महिन्यांत नॉर्मल. घाबरू नका.

मृण्मयी_नौपाडा: सागर, तुमचा थायरॉईड कमी होता. इथे काय आहे ते अजून कळलेलंच नाही.

घोडबंदरकर: वाढलाय म्हणूनच विचारतोय ना! वय ३४. फ्री टी४ (थायरॉईडचं हॉर्मोन) २.८, टीएसएच ४.१. छातीत धडधडतं. वजन आहे तेवढंच. थायरॉईडची गोळी नाही, फक्त केसांसाठी बायोटिन.

पल्लवी_ऐरोली: मग बायोटिनच! बंद करून परत तपासा.

अनुजा_नेरुळ: बंद करून तपासाच, पण बायोटिनने टी४ खोटा वाढलेला दिसतो तेव्हा टीएसएच बहुतेक खोटा कमी दिसतो. इथे खरा घोळ वेगळा आहे. टी४ एवढा वाढला की पिट्युटरीने टीएसएच जवळजवळ शून्यावर आणायला हवा. तसं झालेलं नाही. म्हणजे एकतर ती गाठच टीएसएच सोडतेय, नाहीतर टीएचआरबी जनुकातल्या बदलामुळे पिट्युटरीला हॉर्मोनचा निरोप नीट पोचत नाही. रक्तात दोन्ही सारखंच दिसतं. मला दुसरं आहे. मला तर नुसता वाढलेला थायरॉईड समजून रेडिओआयोडिन (थायरॉईड नष्ट करणारं किरणोत्सारी औषध) दिलं. थायरॉईड गेला, टीएसएच भडकला, आता इतरांपेक्षा कितीतरी मोठा डोस घेऊनही गाडी रुळावर येत नाही. कृपया घाई करू नका.

कल्पक_वाशी: अनुजाताई, तुमचं दुःख मान्य, पण उलटंही होतं. माझ्या भावाला तीन वर्षं नुसत्या गोळ्या देत राहिले. एमआरआय केला तोवर गाठ २ सेंमी झाली होती, नजरेच्या नसेवर दाब येऊन बाजूने येणारी रिक्षा त्याला दिसायची नाही. गाठ असेल तर काढा.

अनुजा_नेरुळ: दादा, २ सेंमी वेगळी आणि ५ मिमी वेगळी. एमआरआय केला तर दहातल्या एकाच्या पिट्युटरीत असा काही न करणारा ठिपका सापडतो. रेझिस्टन्स असलेल्या माणसातही सापडणारच.

 

मृण्मयी_नौपाडा: अल्फा सबयुनिट आणि एसएचबीजी या रक्ताच्या तपासण्या केल्यात का? गाठ टीएसएच सोडत असेल तर हे बहुधा वाढतात, रेझिस्टन्समध्ये बहुधा नॉर्मल असतात. आणि आईबाबांचं थायरॉईड? सगळ्यात स्वस्त तपासणी ती. रेझिस्टन्स बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून येतो, मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

घोडबंदरकर: त्या दोन तपासण्या कुणी सांगितल्याच नाहीत. आईचं नॉर्मल आहे. बाबांचं कधी केलं नाही, त्यांना काही त्रासच नाही. गळा पहिल्यापासून जाड, शर्टाचं वरचं बटण आजवर लागलं नाही. आम्ही बांधाच तसा समजत होतो. ताईचा मुलगा एका जागी बसत नाही म्हणून शाळेतून रोज चिठ्ठी येते, त्याचा काही संबंध?

अनुजा_नेरुळ: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! गलगंड आणि मुलांमधली चंचलता, दोन्ही रेझिस्टन्समध्ये दिसतं. उद्या सकाळीच बाबांचं रक्त द्या.

घोडबंदरकर: दिलं. आत्ता रिपोर्ट आला. बाबांचा फ्री टी४ २.५, टीएसएच ३.६, म्हणजे ताईसारखंच. ताई रडायलाच लागली. गुरुवार रद्द केलाय.

कल्पक_वाशी: बरं केलंत. पण गाठ विसरू नका, क्वचित दोन्ही एकाच माणसात असतात.

मृण्मयी_नौपाडा: बरोबर. त्या दोन तपासण्या, जनुक चाचणी आणि काही महिन्यांनी परत एमआरआय, हे एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हॉर्मोनच्या डॉक्टरांना) विचारा. परळला केईएममध्ये तो विभाग आहे. धडधडीसाठीही त्यांनाच विचारा, गोळी मनाने सुरू करू नका.

घोडबंदरकर: उद्या जातो. भाच्यालाही नेऊ का?

अनुजा_नेरुळ: हो, न्या. बाबांचा आणि ताईचा रिपोर्ट एकाच फाईलमध्ये लावा.