विषय: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या – आता लिथियम घ्यावी का?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे मोटरहोम आहे, म्हणून विचारते. आमच्या गाडीत मागच्या भागासाठी १०० अँपिअर-अवरच्या दोन एजीएम (शिशाच्या, सीलबंद) बॅटऱ्या आहेत. पहिली जोडी दीड वर्षात गेली. दुसरी जोडी त्याच वाटेवर आहे: संध्याकाळी सगळं ठीक असतं, पहाटे हीटरचा पंखा बंद पडतो आणि फ्रिज लाल दिवा दाखवतो. छपरावर १०० वॉटचं सोलर पॅनेल आहे, गाडी चालताना इंजिनवरूनही चार्जिंग होतं असं गाडी घेताना सांगितलं होतं. दुकानदार म्हणतो, "जुन्या काढा, त्याच जागी लिथियम बसवा, काही बदलायला नको." पुढच्या महिन्यात सहा आठवडे निघायचंय, मुलं आणि सासूबाई बरोबर आहेत. थंडीत हीटर बंद पडणं आता परवडणार नाही. खरंच नुसत्या बॅटऱ्या बदलून भागेल का?

---

पुन: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या

अगं, बॅटरी घेण्याआधी थोडं थांब. दीड वर्षात एजीएमची जोडी जाते तेव्हा बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो, तिला पोटभर चार्ज मिळत नसतो. हे आधी तपासलं नाहीस तर लिथियम घालूनही पहाटे पंखा बंदच पडेल.

दोन कामं कर. पहिलं, चोवीस तासांचा खर्च मांड. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेतं आणि किती तास चालतं याचा गुणाकार. फ्रिज कॉम्प्रेसरचा असेल तर तो दिवसभर सुरू नसतो, साधारण चाळीस टक्के वेळ धर. इन्व्हर्टरवर काय काय चालवता तेही लिही. तिथेच हिशेब चुकतो: १००० वॉटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ९० अँपिअर ओढते.

दुसरं, साधा मल्टिमीटर घे. सगळं बंद करून, पॅनेलही तोडून, तीन-चार तास थांब आणि मागच्या बॅटरीचं व्होल्टेज बघ. एजीएमचं १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन सुरू करून पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर मोज. सुरू केल्याकेल्या एकदा आणि वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. मी चाळीस वर्षं विजेच्या कामात काढली, पण मीटर लावल्याशिवाय मत देत नाही.

---

पुन: पुन: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या

> "त्याच जागी लिथियम बसवा, काही बदलायला नको"

ताई, हे वाक्य मीही ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. आकार तोच, टर्मिनल तीच, म्हणून जुन्या स्प्लिट चार्ज रिलेवरच (इंजिन सुरू असताना पुढची आणि मागची बॅटरी एकमेकींना जोडणारा स्विच) लिथियम जोडली. पहिले काही दिवस मस्त गेले. मग एका रात्री घाटात वाहतूक तुंबली आणि दीड तास इंजिन नुसतं सुरू ठेवून उभे होतो. रबर जळल्यासारखा वास आला, पाठोपाठ डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा. आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, जळला होता. मागे दोन्ही मुलं झोपलेली, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उजाडेपर्यंत मदतीची वाट बघत. ती रात्र मी विसरणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कारण नंतर कळलं. लिथियमचा अंतर्गत रोध अगदी कमी. रिकामी असली की समोरून मिळेल तेवढा करंट ती ओढत राहते, आणि शिशाच्या बॅटरीसारखी मिनिटागणिक भूक कमी करत नाही. इंजिन मंद फिरत असताना आल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो, म्हणजे भार पूर्ण आणि गारवा नाही. आणखी एक धोका: बॅटरीतल्या बीएमएसने (तिचं रक्षण करणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) चार्जिंग चालू असताना अचानक जोडणी तोडली, तर आल्टरनेटरच्या बाजूला व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जाऊ शकतात.

आल्टरनेटर आणि मागच्या बॅटरीच्या मधे डीसी-डीसी चार्जर हवाच. तो ठरवलेल्या अँपिअरपेक्षा जास्त ओढू देत नाही. यावर पैसे वाचवू नका, कळकळीने सांगतो.

---

पुन: पुन: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या

काका, दोन्ही कामं केली.

खर्च असा निघाला. फ्रिज ४ अँपिअर, चाळीस टक्के वेळ धरून ३८ अँपिअर-अवर. हीटरचा पंखा रात्रभर १५. दिवे ५, पाण्याचा पंप १, दोन लॅपटॉप १२, फोन वगैरे ५. एकूण ७६. इन्व्हर्टरवर किटली लावत नाही, पाणी गॅसवर तापवतो.

मीटरचे आकडे: रात्रभर सगळं बंद ठेवून मागची जोडी १२.१. इंजिन सुरू केल्यावर पुढे १४.४, मागे १३.७. पंचवीस मिनिटं चालवल्यावर पुढे १२.७ आणि मागे १२.३! आणि सीटखालून मधूनमधून टक् असा आवाज येतो. गाडी घेतल्यापासून तो आवाज येतोय, आम्हाला वाटायचं मागचं कपाट वाजतंय.

---

पुन: पुन: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या

शाबास. त्या टक् आवाजातच तुझं उत्तर आहे.

तुझ्या गाडीत स्मार्ट आल्टरनेटर आहे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत इंधन वाचवायला इंजिनचा संगणक आल्टरनेटरचं व्होल्टेज खालीवर करतो. पुढची बॅटरी बऱ्यापैकी भरली की तो १२.६-१२.७ वर आणून ठेवतो, आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर, जेव्हा वीज जवळजवळ फुकट असते, तेव्हा पुन्हा चढवतो. तुझा रिले व्होल्टेज बघून जोडतो आणि तोडतो. त्याला १२.७ दिसलं की इंजिन बंद झालं असं वाटतं आणि तो सुटतो. टक्. म्हणजे तू तीन तास गाडी चालवलीस तरी मागच्या बॅटऱ्यांना चार्जिंग मिळतं ते सुरुवातीच्या थोड्या वेळापुरतं.

त्या थोड्या वेळातही पुढे १४.४ असताना मागे १३.७ पोचतं. मधले ०.७ व्होल्ट वायर खाते. गाडीत बहुधा ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकलीय, बारा मीटर जाऊन-येऊन अंतर आणि २० अँपिअर धरले की नेमका एवढाच तोटा येतो. एजीएमला पूर्ण भरायला १४.४ ते १४.७ लागतात, आणि तेही तासन् तास. ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, पुढचे वीस टक्के घ्यायला चार-पाच तास लावते. तुझ्या बॅटऱ्या त्या शेवटच्या टप्प्याला कधी पोचल्याच नसतील.

मग आत काय होतं? बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच भरलीस तर ते परत जातं. आठवडेच्या आठवडे अर्धीमुर्धी राहिली तर त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. मागच्या दोन वर्षांत हेच झालंय. त्या बॅटऱ्या उपाशी राहून मेल्या.

आता लिथियमबद्दल. गाड्यांसाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुसरी नको. उष्णतेत ती मोबाइलमधल्या प्रकारांपेक्षा बरीच स्थिर असते. पण तुझ्यासाठी तिचा खरा फायदा वेगळा आहे: अर्धी भरलेली राहिली तरी तिला सल्फेटचा रोग नाही, आणि जवळजवळ शेवटपर्यंत ती पूर्ण करंट घेते. रोज तास-दीड तास चालणाऱ्या गाडीला असाच स्वभाव हवा. एजीएममधून निम्म्याहून जास्त काढू नये, म्हणून तुझे २०० प्रत्यक्षात १०० च होते. लिथियमच्या १०० मधून ८०-९० सहज वापरता येतात. वजनही दोन एजीएमचं ५५-६० किलो, एका १०० च्या लिथियमचं १२ च्या आसपास. सहा माणसांचं सामान भरल्यावर गाडीच्या कागदावरच्या कमाल वजनात तेवढी जागा मिळाली तर हवीच.

रोजचा खर्च ७६ असताना एका १०० मध्ये जेमतेम दिवस निघेल. सासूबाई बरोबर आहेत, हीटर बंद पडून चालणार नाही, म्हणून २०० घे. त्याआधी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. तो समोर १२.५ मिळाले तरी स्वतः चढवून मागे १४.४ देतो. स्मार्ट आल्टरनेटरसाठीचा घे, आणि इंजिन चालू असल्याचा सिग्नल त्याला वेगळ्या वायरने दे. नुसत्या व्होल्टेजवर ठेवलास तर तोही रिलेसारखाच फसेल. ३० बाहेर द्यायला तो आत ४० च्या आसपास ओढतो, म्हणून नवी केबल १६ स्क्वेअर एमएमची.

फ्यूजबद्दल नीट वाच. त्या केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा, टर्मिनलपासून वीतभराच्या आत. मधे कुठे केबल घासून पत्र्याला लागली तर करंट दोन्हीकडून येणार. आणि लिथियमच्या मुख्य पॉझिटिव्हवर क्लास टी फ्यूज. शॉर्ट झाल्यावर ती इतका प्रचंड करंट देते की साध्या फ्यूजमधली ठिणगी विझायला वेळ लागतो.

थंडी! हे राहिलंच होतं. शून्य अंशाखाली या बॅटरीतून वीज काढता येते, पण तिला चार्ज करायचं नाही. आतल्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी लिथियम धातू होऊन त्याच्यावर साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे का, हे विकणाऱ्याकडून लेखी घे. सगळ्यांत असतेच असं नाही. आणि बॅटरी बाहेरच्या पेटीत न ठेवता सीटखाली, घराच्या उबेत ठेव.

---

पुन: पुन: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या

काकांचं म्हणणं ताईंसाठी पटलं, पण बाकीच्यांनी लगेच लिथियमकडे धावू नये, एवढंच सांगायचंय. आम्ही वर्षातून पाच-सहा वेळा निघतो आणि नेहमी वीज मिळणाऱ्या तळावर थांबतो. आमच्या एजीएमचं हे सातवं वर्ष आहे. घरी आलो की त्याच दिवशी गाडी चार्जरला लावतो आणि पूर्ण भरते, बस. आमच्यासारख्यांना लिथियमच्या हजारो चार्ज-डिस्चार्ज सायकल कधीच वापरायला मिळणार नाहीत.

एक शंका मात्र आहे. लिथियमवाल्यांनी गाडी चार महिने उभी ठेवायची तर तीही अशीच चार्जरला लावून ठेवायची का?

---

पुन: पुन: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या

सात वर्षं म्हणजे तुम्ही ती बॅटरी खरंच सांभाळलीत, मनापासून कौतुक. तुमच्या वापराला एजीएमच योग्य.

उभ्या गाडीत दोघींची तऱ्हा उलटी. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची आणि भरलेलीच ठेवायची. लिथियम ५०-६० टक्क्यांवर आणायची, मुख्य स्विचने सगळं तोडायचं आणि तशीच सोडायची. शंभर टक्क्यांवर महिनोन् महिने टांगून ठेवणं तिला मानवत नाही. ट्रॅकर, अलार्म अशा चोरखर्चाच्या वायरी सुटल्यात ना, एवढं पक्कं बघा. त्या किरकोळ मिलिअँपिअरनी चार महिन्यांत बॅटरी पार तळाला जाते.

आणि ताई, तुझा जुना मेनवरचा चार्जरही तपास. त्यात लिथियमची सेटिंग असेल तर ती लाव. नसेल तर निदान सल्फेट काढायचा किंवा इक्वलायझेशनचा प्रकार बंद होतो का बघ. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं. बंद होत नसेल तर तो चार्जर बदल.

---

पुन: पुन: मोटरहोमच्या बॅटऱ्या पुन्हा बसल्या

काका, सगळं बसवून झालं. केबल आम्ही दोघांनी ओढली, केबलच्या टोकांना लग दाबून बसवायचं काम मात्र तंत्रज्ञाकडून करून घेतलं, कारण वरच्या पत्रातली आल्टरनेटरची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. दुकानदाराला थंडीच्या सोयीबद्दल विचारलं तेव्हा कळलं की त्याने आधी दाखवलेल्या बॅटरीत ती नव्हती. दुसरी घेतली.

शंटही (बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजणारं साधन) लावला. बसवणाऱ्याने सांगितलं की लिथियमचं व्होल्टेज सत्तर टक्क्यांना १३.२-१३.३ आणि निम्म्यालाही जवळपास तेवढंच दाखवतं, मीटरवरून काहीच कळत नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले हे मोजत राहणं हाच मार्ग. परवा ते खरंच पटलं: मीटर दिवसभर एकच आकडा दाखवत होता आणि शंट ८८ वरून ६१ टक्क्यांवर आला होता.

छपरावरच्या पॅनेलकडून या दिवसांत ६-७ अँपिअर-अवरच येतात, एका बाजूला हवेच्या झरोक्याची सावलीही पडते. आणखी एक पॅनेल उन्हाळ्याआधी बघू. काल दीड तास गाडी चालवली. फ्रिज सुरू असतानाही शंटवर ४१ अँपिअर-अवर आत गेलेले दिसले. सीटखालचा टक् आवाज नाही. रात्री बाहेर उणे तीन होतं, हीटर सकाळपर्यंत चालला. सासूबाई सात वाजेपर्यंत झोपल्या होत्या.